मूठभर जास्तीची रुई

रविवारी सकाळी खेळातल्या बाजारात रुई कोणी फुकट घ्यायलाही तयार नव्हतं. आठवड्यापूर्वी पोतंभर रुईच्या बदल्यात लोखंडी कुदळ मिळत होती. आता दुकानांसमोर रुईचे पांढरे ढीग पडले होते आणि खेळाडू त्यांना वळसा घालून जात होते.

कहकशाँ संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. तिच्या शेजारच्या खुर्चीत आचल दोन्ही पाय वर घेऊन बसली होती आणि फोनवर येणारे निरोप मोठ्याने वाचत होती.

"हा निरोप पाय. 'तीन महिने कपाशी लावली, एका आठवड्यात माती केली तुमी.' हा दुसरा. 'चोराले पाठीशी घालता काय?' हा त्याच काळी मातीचा. झोपला नाही वाटते रातभर."

'काळी माती' हे एका खेळाडूचं खेळातलं नाव होतं. खेळात कापूस पिकवणाऱ्यांचा तो म्होरक्या. खरं नाव दोघींनाही माहीत नव्हतं.

'घडामोड' हा खेळ दोघींनी मिळून केला होता, अमरावतीत गाडगेनगरच्या मागच्या गल्लीतल्या याच खोलीत. आचल वलगावची, शेतकऱ्याच्या घरची. संगणकाची बाजू तिची. वस्तूंचे नियम कहकशाँचे. खेळात जमीन, झाडं, दगड, कापूस एवढ्यावर सुरुवात करायची आणि हळूहळू वस्तू घडवत जायच्या. नको झालेली वस्तू मोडली की तिच्यातलं सामान परत मिळायचं, पण सगळं नाही. खाट मोडली तर लाकूड यायचं, खिळे निम्मे वाकलेले निघायचे. तांब्याचं भांडं वितळवलं तर थोडं तांबं काजळून जायचं. मडकं फोडलं तर फक्त खापऱ्या.

हे आकडे कहकशाँने मनाने लिहिले नव्हते. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ते सोडून तिने वर्षभर भंगाराच्या दुकानांत, सुतारांकडे, तांबटांकडे बसून वस्तू मोडण्याआधी आणि मोडल्यानंतर तोलल्या होत्या. सगळ्या नियमांच्या वर एक नियम होता: जेवढं घातलं त्याहून जास्त कधीच निघणार नाही. तसं निघालं, तर एकच वस्तू पुन्हा पुन्हा मोडून कोणीही जग भरून टाकू शकेल.

आणि आता जग रुईने भरलं होतं.

"भोक सापडलं मले," आचल म्हणाली. पाय खाली घेऊन तिने खुर्ची पुढे ओढली. "गादीत हाये. पिंजाऱ्याच्या कामाची जी शेवटची पायरी हाये ना, तिथं पोचलेल्या माणसानं गादी उसवली तर रुई पूर्ण परत येते. अन वरून मूठभर जास्त. हे तूच लिवलं."

"हो."

"काहून?"

"तसंच होतं ते."

"काय तसंच होतं?"

"पिंजल्यावर रुई थोडी जास्तच भरते," कहकशाँ म्हणाली, आणि स्वतःचं वाक्य कानावर पडल्यावर गप्प झाली.

आचलने तिच्याकडे मान वळवली. "तू पोराइले फिजिक्स शिकवत होती ना वं?"

कहकशाँने गादीचा नियम उघडून पुन्हा वाचला.

"जाऊ दे. एक ओळ बदलली की झालं, ते मी करतो म्हटलं तर आत्ता होते. सवाल तो नाही. सवाल हा माणूस." आचलने पडद्यावर एक नाव उघडलं. "आपल्याले वाटलं होतं त्या पायरीवर कोनी जाणारच नाही. पिंजणीच्या तातीवर ठोकत बसा, ठोकत बसा, किती कटाळवानं काम. पूर्ण खेळात एकच जण पोचला. याचं नाव मुसाफिर, अन बसून असते एकाच जागी."

"काय करतो?"

"दुकान. वेशीजवळ. लोकं जुन्या गाद्या घेऊन येतात, हा उसवते, पिंजते, परत भरून देते. वरची मूठ गिऱ्हाइकाच्या हाती. मंग गिऱ्हाईक तीच गादी घेऊन परत रांगेत. एकेक जण दिवसातून दहा दहा खेपा करून राहिला."

"स्वतःकडे किती ठेवली त्याने?"

"तेच तर. स्वतःपाशी काईच नाही. मले वाटते टोळी हाये. हा काढून देते, बाकीचे साठवतात." आचलने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. "पंधरा दिवस झाले, आपल्याले एका शब्दानं बोलला नाही. तू जे वाक्य लिवलं ना पहिल्या पानावर, ते सगळे मले वाचून दाखवून राहिले."

ते वाक्य खेळ उघडताच दिसायचं. नियमात चूक सापडली तर आम्हाला सांगा. जो लपवून वापरेल त्याचं नाव जाहीर करू आणि त्याला कायमचं बाहेर काढू. शब्द कहकशाँचे होते. 'कायमचं' हाही तिचाच. आचलने तेव्हा तो काढायला सांगितला होता.

"मी सगळ्याइले सांगून बसली, आज सहा वाजता नाव लावतो म्हणून," आचल म्हणाली. "नाही लावलं तर कपाशीवाले सगळे जातीन. ते गेले तर खेळात राहिलं काय?"

"लावायच्या आधी मी एकदा बघून येते त्याला."

कहकशाँने खेळात शिरून स्वतःची गादी घेतली आणि वेशीकडे चालत निघाली. रांग लांब होती. काही जण तिला ढकलून पुढे गेले. दुकानाच्या दारात दोन-तीन कपाशीवाले उभे होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला 'चोराचं गिऱ्हाईक' म्हणत होते. तिची पाळी आली. आत बसलेल्या माणसाला खेळातला साधा चेहरा होता, सुरुवातीला सगळ्यांना मिळतो तोच. त्याने गादी घेतली, टाके उसवले, रुई काढली. मग लगेच पिंजायला न बसता तो उठला, रिकामी खोळ घेऊन बाहेर आला, दुकानासमोर बांधलेल्या दोरीवर ती पसरून टाकली आणि आत जाऊन पिंजणीपाशी बसला.

खेळात खोळ वाळत घालावी लागत नाही. तसा नियमच नव्हता. मुळात दुकानासमोर दोरी बांधा असंही कोणी सांगितलेलं नव्हतं. ती त्याने स्वतः सुतळी वळून, दोन खांब रोवून बांधली होती.

बाळापूरला किल्ल्याच्या उताराखाली अब्दुल रहीम पिंजाऱ्याचं दुकान होतं, तेव्हा त्या दुकानासमोर अशीच दोरी होती. गादी उसवली की आधी खोळ दोरीवर. येता-जाता गिऱ्हाइकाला स्वतःची खोळ दिसली पाहिजे, म्हणजे गादी आपलीच पिंजली जाते आहे, अदलाबदल नाही, हे त्याला दुरून कळतं. कहकशाँने दुसऱ्या कुठल्याही पिंजाऱ्याकडे हे पाहिलं नव्हतं.

पडद्यावर अक्षरं उमटली, एकेक, थांबत थांबत. 'खोल उनात टाकत जा. रुइ बरी राहते.'

तिने गादी घेतली. तिच्या सामानात मूठभर रुई वाढलेली होती.

"काय झालं?" आचलने विचारलं. "वळखीचा हाये काय?"

"मी अकोल्याला जाऊन येते."

"आज?"

"सहाच्या आत फोन करते. तोपर्यंत काही लावू नकोस."

"कहकशाँ, काय झालं सांग ना वं."

"फोन करते," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

बडनेऱ्याच्या पुढे बस रिकामी झाली आणि तिला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती. तिने फोनवर खेळ उघडून ठेवला होता. दुकानासमोरची गर्दी वाढत होती. काळी मातीने सगळ्यांना तिथे बोलावलं होतं: सहा वाजता नाव लागणार आहे, त्याच्या दारातच बघू. मुसाफिर पिंजत होता. दोरीवर एक खोळ होती, थोड्या वेळाने दुसरी आली.

भावाने, शाकीबने, अब्बांना टॅब घेऊन दिला एवढं तिला माहीत होतं. अब्बा त्यावर काय बघतात हे तिने कधी विचारलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बाळापूरचं दुकान बंद करायला सांगितलं, तेव्हापासून ते अकोल्याला शाकीबकडे असत. फोनवर ते तब्येतीचं सांगत, आणि तिने जेवणाचं विचारलं की फोन सुनेकडे देत.

बस मूर्तिजापूरला थांबली. तिने डोळे मिटले आणि जुनं दुकान जसंच्या तसं आठवायचा प्रयत्न केला, एखादा प्रयोग पुन्हा तपासावा तसा. आढ्याला तराजू टांगलेला. गिऱ्हाईक समोर उभं. उसवलेली रुई एका पारड्यात, वजन बोलून दाखवायचं. मग पिंजण. तातीवर, पिंजणीच्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी दस्ता पडला की रुई उडायची, आणि तिच्यातून करडी धूळ वर यायची, कवडशात फिरत राहायची. मग पुन्हा तराजू. पारडं नेहमी किंचित खाली. गिऱ्हाईक मान हलवून जायचं. ती शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन पाहत असायची आणि तिला वाटायचं, पिंजल्याने रुई वाढते. डोळ्यांना दिसतही तसंच होतं. बोचकं होतं त्याचा डोंगर झालेला असायचा.

पुढे ती वस्तुमान शिकली, शिकवलंही. पण ती आठवण तिने कधी फळ्यासमोर उभी केली नाही. लाकूड, लोखंड, तांबं सगळं तोललं. रुई तोलली नाही, कारण ती तिला माहीत होती.

ती धूळ कशाची होती? मोडलेल्या तंतूंची. तिलाही वजन होतं. ती अब्बांच्या भुवयांवर बसायची, भिंतीवर बसायची, आणि बाकीची आत जायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवली होती तीच. जेवढी त्यांच्या छातीत गेली तेवढी गादीतून कमी झाली होती. पिंजलेली रुई कमीच भरायला हवी होती, दर वेळी, न चुकता. मग पारडं खाली कसं जायचं?

तिने डोळे उघडले. फोनवर कोणीतरी दुकानाच्या भिंतीला कोळशाने 'चोर' लिहिलं होतं. मुसाफिर आतून बाहेर आला, भिंतीसमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि पुन्हा आत गेला.

अकोल्याच्या स्टँडवरून ऑटो मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरला तेव्हा उन्हं कलली होती. गुलनारने, शाकीबच्या बायकोने, दार उघडलं.

"आपा? न सांगता? या ना, चहा टाकतो. हे दुकानावर हायेत. अब्बा पन दुकानावरच हायेत, तिकडे मागच्या खोलीत." ती हसली. "खरं सांगून राहिली. जेवाले बोलावलं तर म्हणतात गिऱ्हाईक हाये. नमाज झाली की लगेच शटर वर. पन आपा, एक हाये. या महिन्यात पंप कमी लागून राहिला त्यांचा."

मागच्या खोलीत अब्दुल रहीम पलंगावर उशीला टेकून बसले होते. टॅब मांडीवर, श्वासाचा पंप हाताशी. उजव्या हाताचं एक बोट ते काचेवर आपटत होते, एका लयीत, आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचा खांदाही किंचित हलत होता.

"आली? बस," ते वर न बघता म्हणाले. "एवढी गादी होऊ दे. मानूस उभा हाये."

"अब्बा, मला बोलायचं आहे."

"बोल ना. हात कामात हाये, कान रिकामे हायेत."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "भिंतीवर काय लिहिलंय ते वाचलं?"

बोट दोन ठोके तसंच चाललं. मग थांबलं.

"वाचलं. पोट्टे असतीन. बाळापुरातबी लिवत होते, पिंजाऱ्यानं रुई खाल्ली म्हणून. नवीन काय त्यात."

"पोरं नाहीत. सगळे म्हणतात तसं. तुमच्या गादीतून जी मूठभर जास्त निघते, ती निघायला नको होती. ती कुठूनच येत नाही. माझ्या नियमात चूक होती, तिच्यातून ती पडते. सगळा बाजार भरलाय तिने. ज्यांनी कापूस लावला त्यांचं मातेरं झालं."

अब्बांनी टॅब बाजूला ठेवला. "चूक?"

"हो."

"मले वाटलं तू ठेवली."

"काय?"

"मूठ." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर टॅबवर नेली. "पहिल्या दिवशी निघाली ना, मी शाकीबले हाक मारून दाखवली. म्हटलं पाय, पोरीच्या ध्यानात हाये. बापाच्या दुकानात वरची मूठ असते हे तिनं ध्यानात ठेवलं. मंग मी ती ठेवून कशी घेऊ? गिऱ्हाइकाचीच असते ती."

कहकशाँचे हात मांडीवर होते. तिने ते तसेच ठेवले.

"दुकानात ती मूठ तुम्हीच पारड्यात टाकायचात," ती म्हणाली.

"मंग हवेतून येत होती काय? पिंजली का रुई घटतेच. पाव भर, कधी जास्त. गिऱ्हाइकाले किती समजावसान? त्याले तराजू दिसते. त्याले वाटते यानं मारली. तू पाण्याले जाय, नाहीतर दप्तरात पाहे, तेवढ्यात टाकून द्यायचो."

"कुठली रुई?"

अब्बा हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत तिने वाट पाहिली.

"घरच्या गाद्या पातळ काहून होत्या, कधी विचारलं नाही तू. तुही अम्मी रोज विचारे."

गुलनार चहा घेऊन आली, दोघांकडे बघून कप स्टुलावर ठेवला आणि परत गेली.

"एकच माणूस तीच गादी पुन्हा पुन्हा आणत होता," कहकशाँ म्हणाली. "ते नाही कळलं?"

त्यांनी टॅबच्या काचेवरून तळवा फिरवला.

"कळत होतं," ते म्हणाले. "येडा थोडीच हावो. मुठीसाठी येऊन राहिला, समजत होतं. पन चार वर्षांत कोनी दारात उभं नाही राहिलं, बेटा. इथं रांग लागली. मी म्हटलं, येऊ दे."

फोन वाजला. आचल होती. कहकशाँने तो कानाला लावला नाही. आवाज मोठा करून पलंगावर ठेवला.

"वेळ होत आली," आचल म्हणाली. "पूर्ण खेळ तिथं दारापुढं जमा होऊन राहिला. नाव लावू?"

"आचल, मुसाफिर माझे अब्बा आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पुन्हा सांग."

"माझे वडील. अब्दुल रहीम. पिंजारी होते. नियमातली मूठ मी त्यांच्या दुकानात पाहिली होती, ती तशीच लिहिली. त्यांना वाटलं मी मुद्दाम ठेवली."

"अरे बाप्पा." आचल म्हणाली, "हे कसं दिसन ठाऊक हाये ना तुले? नियम लेकीनं लिवला, माल बापानं काढला. कोन मानन का तुले मालूम नव्हतं? मलेच सकाळी नाही सांगितलं तू. बसमध्ये बसून गेली."

"हो. सांगायला हवं होतं."

"अन काकाजी आयकून राहिले काय?"

"ऐकून राहिलो," अब्बा म्हणाले.

आचलचा आवाज उतरला. "काकाजी, मले तुमच्यावर काई म्हणायचं नाही. पन तिनंच लिवलं हाये, नाव लावू अन कायमचं बाहेर. दुसऱ्या कोनाले काढलं असतं अन तुमाले ठेवलं, तर मंग उद्यापासून आमचं कोन आयकन?"

"बरोबर हाये तुहं," अब्बा म्हणाले. ते उशीवरून सरळ झाले होते. पंप हातात घेतला होता, पण तोंडाला लावला नव्हता. "नाव लाव. अब्दुल रहीम, बाळापूर, पूर्ण लाव. मुसाफिर नको. बंद करायचं तर दुकान बंद कर, एकदा केलं हाये, पुन्हा होईन. फक्त चोर लिवू नको. तेवढं नको."

कहकशाँने आपला फोन हातात घेतला आणि लिहायला लागली. तिला लिहायला वेळ लागत नसे, पण आता लागला. मग तिने ते वाचून दाखवलं, दोघांनाही.

"गादीच्या नियमात चूक होती. ती मी लिहिली. मुसाफिर म्हणजे अब्दुल रहीम, बाळापूर, माझे वडील. त्यांनी चूक लपवली नाही. ती माझी मेहेरबानी आहे असं ते समजले. त्यांनी मूठभरही स्वतःकडे ठेवली नाही, कोणीही जाऊन त्यांची कोठी बघावी. नियम आत्ता बदलतो आहोत. पिंजलेली रुई यापुढे कमी भरेल. ज्यांनी एकच गादी पुन्हा पुन्हा आणली त्यांची जास्तीची रुई काढून घेतली जाईल. पहिल्या पानावरचं 'कायमचं' माझं होतं. ते कोणाला लागू करायचं असेल तर मला करा. कहकशाँ."

"तुले काढून मी एकटी काय करू?" आचल म्हणाली.

"लाव ते."

"लोकं नाही मानणार."

"लाव."

सहा वाजले तेव्हा टॅब दोघांच्या मध्ये पलंगावर होता, शेजारी फोनवर आचल. गुलनारही दारात येऊन उभी राहिली होती. पडद्यावर वेशीजवळचं दुकान दिसत होतं आणि त्याच्यासमोर इतकी गर्दी, की रस्ता दिसत नव्हता. वर मजकूर झळकला. मग एकदम अक्षरांचा पाऊस पडला. लेक बापाला वाचवते. हे आधीच ठरलं होतं. कोठी दाखवा. कोणीतरी कोठीत जाऊन आला: रिकामी आहे. मग दुसरीकडे लपवली असेल.

"नियम बदलला मी," आचल फोनवरून म्हणाली. "आता जे उसवसान ते कमी भरन."

गर्दी सरकली. काळी माती पुढे आला. त्याच्या खांद्यावर गादी होती. ती त्याने दुकानाच्या फळीवर ठेवली.

'ही माझी आहे. कधी उसवली नाही. पाच किलो आहे. पिंजून दाखव.'

अब्बांनी टॅब मांडीवर घेतला. कहकशाँने त्यांच्या श्वासाकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आणि तेच ऐकत राहिली. त्यांनी टाके उसवले, घाई न करता. खोळ उचलली, गर्दीतून वाट काढत बाहेर नेली, दोरीवर पसरली. कोणीतरी लिहिलं, 'नाटक.' ते आत गेले आणि बोट काचेवर पडू लागलं. ठोका, थोडा थांबा, दोन ठोके. खोलीत तेवढाच आवाज होता.

रुई फुलली, डोंगर झाला. पारड्यात टाकली. काटा पाचाच्या अलीकडे थांबला.

काळी मातीने ते बघितलं.

'कमी भरली,' त्याने लिहिलं.

मागून कोणीतरी: 'बघा. आता स्वतःच खाल्ली.' आणि मग तोच जुना शब्द, एकामागून एक, वेगवेगळ्या नावांनी.

कहकशाँ काहीतरी लिहायला पुढे झाली. घट का येते हे तिला दोन ओळींत सांगता आलं असतं. अब्बांनी तिचा हात बाजूला केला. त्यांनी कोठी उघडली. ती रिकामी होती. आजवरची प्रत्येक मूठ त्यांनी देऊन टाकली होती. ते कोठीकडे बघत राहिले, मग अक्षरं शोधू लागले. एक सापडलं, दुसरं सापडेना.

"'थ' कुठं हाये?" ते म्हणाले.

तिने बोट दाखवलं.

'थांबा. आनतो.'

ते दुकानातून बाहेर पडले. गर्दीने वाट दिली, कदाचित ते कुठे जातात हे बघायला. बाजारात रुईचे ढीग फुकट पडलेले होते, पावलापावलावर. ते एकाही ढिगापाशी थांबले नाहीत. वेस ओलांडली, आणि पलीकडे गावाच्या सामाईक रानात, जिथे कोणीही वेचू शकतं आणि म्हणून कोणी जात नाही, तिथल्या पहिल्या झाडापाशी वाकले. खेळात एक बोंड वेचायला काचेवर तीन बोटं एकत्र आणून ओढावं लागतं. तीही कंटाळवाणी गोष्ट कहकशाँनेच ठेवली होती. वेचलेला कापूस मग सरकी काढायला न्यायचा, तेव्हा कुठे घट भरून काढायला मूठभर रुई होणार.

"अब्बा, आधी पंप घ्या," गुलनार दारातून म्हणाली.

"घेतो. मानूस उभा हाये."

काही जण रानापर्यंत मागे आले होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग एकेक करून परत फिरले.

"कहकशाँ," आचल फोनवरून हळू म्हणाली, "लोकाइनं लिवलेलं मी काई खोडू नाही राहिली. पन काढूबी नाही राहिली त्याइले. उद्या कपाशीवाले गेले तर गेले."

कहकशाँने आपल्या फोनवर दुकानाचं चित्र मोठं केलं. दारातली गर्दी पातळ झाली होती. दोरीवर निळ्या पट्ट्यांची खोळ एकटीच होती, आणि तिच्याशेजारी काळी माती उभा होता, अजून तिथेच. मग तो खाली बसला, दुकानाच्या पायरीवर. त्याच्या डोक्यावर अक्षरं आली.

'बसतो मी. सावकाश येऊ द्या.'

तिने ते अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, तीन बोटं जुळवली आणि पुढच्या बोंडाकडे नेली.